शिकविणारांचें शिकणें

मराठी कथा-कादंबऱ्यांत शिक्षक पुष्कळ भेटतात. कोणी छडीसाठीं स्मरणांत राहतो, कोणी दारिद्र्यासाठीं, कोणी त्यागासाठीं. परंतु शिक्षकानें स्वतःच्या शिकविण्याविषयीं लिहिलेलें पुस्तक, म्हणजे काल वर्गांत आपण काय केलें, तें कां फसलें आणि आज काय निराळें करून पाहिलें याचा हिशेब देणारें पुस्तक, शोधूं गेल्यास फार थोडें हातीं लागतें. आत्मचरित्रें आहेत, आठवणी आहेत, शिक्षणशास्त्रावरील क्रमिक पुस्तकें तर ढिगानें आहेत. आठवणींत शाळा असते पण शिकविणें नसतें. क्रमिक पुस्तकांत शिकविणें असतें पण शाळा नसते. अनुताई वाघांचें ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ यासारखा एकादा अपवाद सांगतां येईल, पण तो अपवादच.

बरें, शिक्षक लिहीत नाहींत असें तरी कोठें आहे? मुंबई विद्यापीठानें १९३६ सालीं एम्. एड्. ही पदवी सुरू केली. तेव्हांपासून या पदवीच्या नांवानें निरनिराळ्या विद्यापीठांत किती प्रबंध लिहिले गेले याची गणती करणें कठीण. शिक्षणशास्त्र विभागांच्या कपाटांत काळ्या बांधणीचे आणि सोनेरी अक्षरांचे हे खंड ओळीनें उभे असतात. त्यांच्या लेखकांत नोकरींतील शिक्षक पुष्कळ आहेत. रात्रीं घरचीं कामें आटोपून, रजा साठवून, पदरचे पैसे घालून त्यांनीं हें लेखन केलेलें असतें. इतक्या कष्टांतून सामान्य वाचकाच्या हातीं आपण होऊन द्यावें असें पुस्तक कां निघूं नये? याचें कारण शिक्षकांच्या बुद्धींत शोधणें अन्यायाचें होईल. तें त्यांना मिळणाऱ्या उच्च शिक्षणाच्या घडणींत आहे असें मला वाटतें, आणि एका परकीय पुस्तकाच्या तुलनेनें तें मत येथें मांडावयाचें आहे.

नॅन्सी ॲटवेल या अमेरिकन शिक्षिकेचें ‘इन द मिडल’ हें पुस्तक १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. मेन राज्यांतील बूथबे हार्बर या समुद्रकांठच्या लहान गांवीं ॲटवेलबाई आठव्या इयत्तेस इंग्रजी शिकवीत. त्यांची पद्धत थोडक्यांत अशी: काय लिहावें हें मुलांनीं ठरवावें, काय वाचावें हेंही त्यांनींच ठरवावें, आणि या लिहिण्यावाचण्यासाठीं घरचा नव्हे तर शाळेचाच वेळ द्यावा. तासाच्या आरंभीं पांच-दहा मिनिटें बाई एकादी बारीकशी गोष्ट सांगतात. संवाद कसा लिहावा, गोष्टीस आरंभ कोठून करावा, एवढीच. मग हजेरी घ्यावी तसें एकेकास विचारतात, आज काय करणार? उत्तर दोन शब्दांत टिपून घेतात. नंतर वर्ग लिहूं लागतो आणि बाई मुलांमधून फिरत, एकेकाजवळ थांबत बोलतात. वाचलेल्या पुस्तकांविषयीं मुलें बाईंना पत्रें लिहितात व बाई प्रत्येक पत्रास उत्तर देतात. या पत्रव्यवहाराची कल्पना त्यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलावरून निघाली. तेथें पतिपत्नी आणि स्नेही पुस्तकांवर ज्या मोकळेपणानें बोलतात तो मोकळेपणा शाळेंत कां नसावा, असा त्यांचा साधा प्रश्न. वर्षअखेर मुलामागें सरासरी ३५ पुस्तकें वाचून होतात असा हिशेब त्यांनीं दिला आहे.

पद्धतीपेक्षां मला महत्त्वाची वाटते ती पुस्तकाच्या आरंभींची एका मुलाची हकीकत. हा मुलगा वर्गांत वयानें मोठा आणि लिहिण्यावाचण्यांत फार मागें. लिहिण्याच्या तासाला तो चित्रें काढीत बसे आणि लिखाण घरून करून आणी. बाई सांगत, चित्रें पुरेत, आतां लिही. तो ऐकून घेई आणि पुन्हां चित्र काढूं लागे. तो शाळा सोडून गेल्यावर बऱ्याच काळानें डोनाल्ड ग्रेव्ह्ज या संशोधकानें लहान मुलांच्या लेखनाचें केलेलें निरीक्षण बाईंच्या पाहण्यांत आलें. नुकतीं लिहूं लागलेलीं मुलें आधीं चित्र काढतात, कारण काय लिहावयाचें तें त्यांना चित्र काढतां काढतां सुचतें, असें तें निरीक्षण होतें. त्या वेळीं बाईंना उमगलें कीं आपला विद्यार्थी टाळाटाळ करीत नव्हता, तो लिहिण्याची तयारी करीत होता. आणि आपण वर्षभर त्याची तयारी मोडीत होतों.

या हकीकतींत सिद्धान्त आधीं येत नाहीं. आधीं मुलगा येतो, त्याचें न उलगडणारें वागणें येतें, शिक्षिकेची चूक येते. सिद्धान्त मागून येतो आणि येतो तो एका अडलेल्या प्रश्नाचें उत्तर म्हणून. त्यामुळें तो वाचकाच्या मनांत रुतून बसतो. ज्यानें कधीं वर्ग पाहिला नाहीं असा वाचकही येथें थबकतो, आपल्या मुलाला आपण असेंच कांहीं म्हटलें काय तें आठवूं लागतो. हें सामर्थ्य कथेचें आहे, आणि तें सत्यकथेंतही तेवढेंच असूं शकतें.

पुस्तकांत दोषही आहेत. नव्या पंथाची दीक्षा घेतलेल्या माणसाचा आवेश पहिल्या आवृत्तींत जागोजाग दिसतो; शिक्षकानें आपण होऊन मुलास स्पष्ट कांहीं सांगणें म्हणजे जणु अपराध, असा सूर लागतो. १९९८ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत हा सूर पुष्कळ खालीं आला आहे. पहिल्या आवृत्तींतील नियम आपणच फार ताठरपणें पाळले, ठाऊक असलेलें सांगण्याचें उगाच टाळलें, असें बाई तेथें लिहितात. २०१४ सालीं तिसरी आवृत्ति निघाली. एकच पुस्तक सत्तावीस वर्षांत तीनदां नव्यानें मांडणें हें मला त्यांच्या अभ्यासूपणाचें मोठें गमक वाटतें; २०१५ सालीं त्यांना मिळालेल्या दहा लक्ष डॉलरांच्या जागतिक शिक्षक-पारितोषिकाहूनही मोठें. तें पारितोषिक त्यांनीं स्वतः १९९० सालीं काढलेल्या शाळेस देऊन टाकलें. शिवाय, या पुस्तकाची पद्धत जशीच्या तशी उचलून साठ मुलांच्या आपल्या वर्गांत आणूं म्हणणारानें साठ पत्रांचीं उत्तरें किती वेळांत लिहून होतील याचा आधीं विचार करावा.

पण मला पुसावयाचें आहे तें निराळेंच. आठ तास शाळेंत राबणाऱ्या या बाईंना आपल्या वर्गाकडे असें पाहण्याची दृष्टि कोठें मिळाली? त्याचें बरेंचसें उत्तर व्हरमाँट राज्यांतील एका डोंगरपायथ्याशीं आहे. ग्रीन माउंटन नांवाच्या रांगेंत पावाच्या आकाराचा एक डोंगर आहे, त्यास ब्रेड लोफ म्हणतात. जोसेफ बॅटेल नांवाच्या धनिकानें मृत्युपत्रानें दिलेल्या तेथील जागेंत मिडलबरी कॉलेजानें १९२० सालीं इंग्रजीची उन्हाळी शाळा काढली. ही शाळा मुख्यतः शिक्षकांची. रॉबर्ट फ्रॉस्ट हा कवि १९२१ सालीं तेथें प्रथम गेला आणि पुढें चाळीस वर्षें जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यांत जात राहिला. सत्र सहा आठवड्यांचें, आणि असे चार-पांच उन्हाळे मिळून एम्. ए. ची पदवी मिळते. ही पदवी शिक्षणशास्त्राची नाहीं, इंग्रजीची आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शिक्षक तेथें शेक्सपिअर वाचतात, नटमंडळी वर्गांत येऊन प्रवेश करून दाखवितात, आणि लेखन शिकवूं म्हणणारास तेथें प्रथम स्वतः लिहावें लागतें. डिक्सी गोस्वामी या अध्यापिकेच्या हाताखालीं ॲटवेलबाईंनीं लेखनाचा अभ्यास केला तो येथेंच.

या व्यवस्थेंतील मर्म माझ्या मतें उन्हाळ्यांत आहे. शिक्षक सहा आठवडे विद्यार्थी होतो, आणि सुट्टी संपतांच आपल्या वर्गावर परततो. जुलैंत जें पटलें तें तेरा वर्षांच्या मुलांपुढें टिकतें कीं नाहीं हें त्यास हिवाळ्याच्या आंत कळून चुकतें. पुढच्या उन्हाळ्यांत तो परत जातो तो रिकाम्या हातीं जात नाहीं. त्याच्याजवळ प्रश्न असतात आणि ते त्याचे स्वतःचे असतात. सलग दोन वर्षें वर्ग सोडून बसलेल्या माणसाचे प्रश्न हळूहळू पुस्तकांतले होत जातात. अशा डोंगरावर जाऊन राहणें खर्चाचें आहे, आणि पुष्कळ वर्षें तें सुस्थितींतील शिक्षकांसच साधत असणार, हेंही सांगितलें पाहिजे. १९९३ पासून खेड्यापाड्यांतील शिक्षकांस शिष्यवृत्त्या देऊन तेथें नेण्याचा उपक्रम सुरू झाला.

विषयाचा अभ्यास केल्यानें शिकविणें कसें सुधारतें, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर जॉन ड्यूई यानें १९०४ सालींच देऊन ठेविलें आहे. शिक्षणांतील उपपत्ति व व्यवहार यांच्या संबंधाविषयीं त्यानें त्या वर्षीं एक निबंध लिहिला. त्याच वर्षीं शिकागो सोडून तो कोलंबिया विद्यापीठांत गेला, जेथें पुढें डॉ. आंबेडकर त्याचे विद्यार्थी झाले. हा निबंध लिहिणारा मनुष्य केवळ तत्त्वज्ञ नव्हता. १८९६ च्या जानेवारींत सोळा मुलें व दोन शिक्षक घेऊन त्यानें शिकागोंत एक शाळा काढली होती, आणि तेथील शिक्षक दर आठवड्यास एकत्र बसून आपल्या कामाची चर्चा करीत. निबंध आहे तो मुख्यतः नव्या शिक्षकांच्या तयारीविषयीं, परंतु त्याचा रोख जुन्यांसही लागू पडतो. वर्ग गप्प कसा बसवावा, प्रश्न कसे टाकावेत, फळा कसा वापरावा, या युक्त्या ज्यास आधीं शिकविल्या तो पहिल्या महिन्यांत, कदाचित् पहिल्या वर्षींही, दुसऱ्याहून सरस दिसेल. पण त्याची वाढ तेथेंच थांबते. पुढील सारें आयुष्य त्याच युक्त्या घोटण्यांत जातें. मूल वरवर लक्ष देत आहे कीं त्याचें मन खरोखर विषयांत आहे हें ओळखण्याची शक्ति निराळी, आणि ती सावकाश येते. याच निबंधांत ड्यूई एक अडचणीची गोष्टही बोलून जातो. अध्यापनशास्त्राचे बहुतेक नियम मोडणारे कित्येक शिक्षक उत्कृष्ट शिकवितात, कारण ते स्वतः विषयाच्या शोधांत गढलेले असतात व तें गढलेपण मुलांस लागतें. विद्वत्तेंतच एक पद्धति दडलेली असते असें त्याचें म्हणणें. आपल्या अध्यापक विद्यालयांत विषयज्ञान आणि अध्यापनपद्धति यांस दोन वेगळ्या कपाटांत ठेवण्याची जी रीत आहे, तिच्या मुळावरच हा घाव आहे.

इंग्लंडांत लॉरेन्स स्टेनहाउस यानें १९७५ सालच्या अभ्यासक्रम-संशोधनावरील आपल्या पुस्तकांत याच्या पुढची पायरी गांठली. अभ्यासक्रम हा वरून आलेला हुकूम नसून वर्गांत कसाला लावून पाहण्याचा एक तर्क आहे, आणि तो कसाला लावणारा संशोधक म्हणजे शिक्षक स्वतः, असें तो मांडतो. त्याची भाषा ॲटवेलबाईंच्या मानानें रुक्ष आहे. विचार मात्र पक्का आहे.

आतां आपल्या एम्. एड्. कडे वळूं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता तो दोन वर्षांचा केला. पदवीचा हेतुही त्या नियमांत सांगितला आहे: अध्यापक विद्यालयांत शिकविणारे आणि शिक्षणक्षेत्रांतील इतर तज्ज्ञ तयार करणें. म्हणजे आपल्या नववीच्या वर्गास अधिक चांगलें शिकवावें या इच्छेनें जो शिक्षक या दारांत येतो, त्याच्यासाठीं हें दार मुळीं बांधलेलेंच नाहीं. तें बांधलें आहे वर्गाबाहेर जाऊं इच्छिणारांसाठीं. यांत अप्रामाणिकपणा कांहींच नाहीं. नियम स्पष्ट बोलतो. पण ज्यास वर्गांतच राहून मोठें व्हावयाचें आहे त्यानें कोणतें दार ठोठवावें, याचें उत्तर तो नियम देत नाहीं.

प्रबंधाची भाषाच पाहा. अमुक तालुक्यांतील माध्यमिक शाळांतील इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्याससवयी व संपादन यांतील सहसंबंधाचा अभ्यास, अशा थाटाचें शीर्षक असतें. तालुका बदलतो, इयत्ता बदलते, शीर्षकाचा सांगाडा बदलत नाहीं. पहिलें प्रकरण प्रास्ताविक, दुसरें संबंधित साहित्याचा आढावा, तिसरें संशोधनपद्धति, चौथें माहितीचें विश्लेषण, पांचवें निष्कर्ष व शिफारशी. परिकल्पना मांडावयाची, प्रश्नावली वांटावयाची, टी-मूल्य काढावयाचें. वीस वर्षें मराठी शिकविलेली बाई या लिखाणांत स्वतःस ‘संशोधिका’ म्हणते, आणि तिचा स्वतःचा वर्ग त्यांत कोठेंच नसतो. तिच्या वर्गांत मागल्या बाकावर बसून चित्रें काढणारा मुलगा असेलही. तो शंभर विद्यार्थ्यांच्या नमुन्यांत एक संख्या होऊन बसतो, आणि तोही तिचा विद्यार्थी नव्हे, शेजारच्या शाळेचा. कारण स्वतःच्या शाळेवर लिहिणें वस्तुनिष्ठ नव्हे अशी समजूत. वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहतां या गद्यांतून कर्ता नाहींसा झालेला आहे. ‘मीं असें केलें आणि तें फसलें’ हें वाक्य ज्या लेखनांत येऊंच शकत नाहीं, त्यांतून शिकविण्याविषयीं सत्य तें काय बाहेर पडणार?

मी आंकड्यांचा वैरी नाहीं. एका वर्गावरून सबंध जिल्ह्याविषयीं बोलतां येत नाहीं, आणि जिल्ह्याविषयीं कोणीतरी बोललें पाहिजे. कोणतीं मुलें शाळा सोडून जातात, कोणत्या जातीचीं, कोणत्या हंगामांत, हें गणतीवांचून कळत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें ठेविलेलें निवेदन आजच्या शिक्षकानें वाचलेंच पाहिजे. शिक्षणाचा इतिहास व समाजशास्त्र शिकविणाऱ्या एम्. एड्. मध्यें अशा वाचनास जागा आहे, ब्रेड लोफच्या डोंगरावर ती शोधावी लागेल. ॲटवेलबाईही या प्रश्नांस फारशा शिवत नाहींत. माझी तक्रार एवढीच कीं जें जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास उपयोगी तें काम शिक्षकाच्या गळ्यांत घातलें जातें, आणि जें फक्त शिक्षकासच करतां येतें तें अशास्त्रीय म्हणून बाजूस सारलें जातें.

त्यांत पगाराचा संबंध येतो. महाराष्ट्रांत बारा वर्षांच्या नोकरीनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी व चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी, आणि दोहोंसाठीं प्रशिक्षण घ्यावें लागतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक शिक्षकानें वर्षास किमान पन्नास तास व्यावसायिक विकासास द्यावेत असें सुचविलें. तास मोजतां येतात, प्रमाणपत्र नस्तींत लावतां येतें. पगारवाढीची अपेक्षा करणाऱ्या शिक्षकास हंसणें हा सुखवस्तु माणसाचा खेळ आहे आणि तो मला खेळावयाचा नाहीं. पण प्रमाणपत्रासाठीं घेतलेलें शिक्षण प्रमाणपत्र हातीं येतांच संपतें, हें कोणत्याही शिक्षकखोलींत कानांवर पडेल.

कोठारी आयोगानें (१९६४–६६) आपल्या अध्यापक विद्यालयांचें दुखणें अचूक सांगितलें होतें. तीं विद्यापीठापासून तुटलेलीं आहेत, शाळांपासून तुटलेलीं आहेत, आणि एकमेकांपासूनही. आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. त्यानंतर जे थोडे प्रयत्न झाले त्यांत मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें २००६ सालीं सुरू केलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या एम्. ए. चा उल्लेख केला पाहिजे. नोकरी न सोडतां, थोडे आठवडे संस्थेंत आणि बाकीचे आपल्या कामावर राहून करावयाचा तो अभ्यासक्रम होता. ब्रेड लोफच्या उन्हाळ्याशीं त्याचें नातें जुळतें.

आणि आपल्याकडे उलट्या दिशेनें चाललेलीं माणसेंही झालीं आहेत. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन अध्यापन विद्यालयाच्या मुख्य होत्या. आजच्या एम्. एड्. धारकास ज्या खुर्चीचें स्वप्न पडतें ती खुर्ची १९२३ सालीं सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरांत लहान मुलांत काम करावयास गेल्या. तेथून निघालेली वाट पुढें बोर्डी व कोसबाडच्या वारली मुलांपर्यंत पोहोंचली. गिजुभाई स्वतः आधीं वकील होते. त्यांचें ‘दिवास्वप्न’ हें छोटें गुजराती पुस्तक म्हणजे चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या एका कल्पित शिक्षकाची कथा आहे. अधिकाऱ्यांचा अविश्वास, पालकांची कुरकुर, पहिल्या दिवशीं झालेली फजिती, सारें त्यांत आहे. तें कोणत्याही पदवीसाठीं लिहिलेलें नव्हतें, आणि आजही मराठी शिक्षक तें भाषांतरांत वाचतात.

मग करावें काय? एम्. एड्. बंद करा असें मी म्हणत नाहीं. ज्या कामासाठीं ती आहे तें काम तिनें करावें. तिच्या जोडीस वर्गांत राहूं इच्छिणाऱ्यांसाठीं दुसरी पदवी निघावी. मे महिन्याची सुट्टी आपल्याकडेही आहे. मराठीच्या शिक्षकानें चार उन्हाळे विद्यापीठांत येऊन मराठी वाङ्मय वाचावें, स्वतः लिहावें. गणिताच्या शिक्षकानें गणित करावें. प्रबंध लिहावयाचा तो आपल्या वर्गाचा, प्रथमपुरुषीं, तारीखवार नोंदींसह, फसलेल्या धड्यांसह. त्याची परीक्षा कशी करावी हा आक्षेप लगेच येईल, आणि तो खोटा नाहीं. असल्या लेखनांत आत्मस्तुति शिरण्यास वेळ लागत नाहीं. मार्गदर्शकानें वर्षांतून तीन-चार वेळां त्या शाळेंत जाऊन दिवसभर वर्गांत बसावें, आणि नोंदींत लिहिलेला मुलगा खराच तेथें आहे काय तें पाहावें, यावांचून दुसरा उपाय मला दिसत नाहीं. गडचिरोलीच्या एकाद्या आश्रमशाळेपर्यंत प्राध्यापकास नेण्याचा प्रवासखर्च विद्यापीठाच्या कोणत्या खात्यांत घालावा, हा प्रश्न मात्र अशी पदवी काढणारांस पहिल्याच सभेंत सोडवावा लागेल.